नायकाचं पागोटं अन् त्रिंबक हेर

आमचे मालक पूनमसिंग शेतात कमी अन् पुस्तकात जास्त. आता म्हातारपणी नवऱ्याचं नाव घ्याले मले कायची लाज? दिग्रसच्या बाजारात तूर इकली का पहिली खरेदी त्रिंबक हेराच्या पुस्तकाची, मंग माह्या बांगड्या आठवल्या त आठवल्या. हा त्रिंबक म्हणजे धोतर नेसणारा, तपकीर ओढणारा म्हातारा. चोर धरे, पण घाई नाई करे. मालक सांजच्याले तांड्यात मोठ्यानं वाचत, अन् अडलं तिथं आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत समजावून सांगत.

त्यातली एक गोष्ट साऱ्या तांड्याले पाठ होती. एका सेठच्या घरून हार जाते. सारे म्हणतात, तांड्यातल्या गड्यानंच नेला. त्रिंबक एकटाच म्हणते थांबा, अन् शेवटी चोर निंगते सेठचा सख्खा पुतण्या. आमच्याकडं कुठीबी चोरी झाली का पहिले तांड्याचंच नाव घेत, म्हणून ही गोष्ट आमाले लय गोड लागे. तांड्याचे नायक खेमसिंगबापू, त्यायचा शब्द म्हणजे आमचा न्याय. ते म्हणत, हा हेर आपल्या पंचात बसवाले पाह्यजे.

एकसष्ट साली दिग्रसच्या हौशी मंडळीनं याच गोष्टीचं नाटक बसवलं. कापसाचा हंगाम संपलेला, एका जिनवाल्या सेठनं आपली रिकामी शेड दिली. खेड्यावरच्या लोकायसाठी दुपारचा खेळ होता. मालकानं तांडाभर सांगतलं का चला, भर दिग्रसात आपल्यावरचा डाग धुऊन निंगणार हाय. नायक त्या वयात बैलगाडीत बसले ते मालकाच्या शब्दावर.

पडदा उघडला अन् मालकाचं तोंडच उतरलं. त्रिंबक हेर कोट-पँटमंधी! काळा चष्मा, हातात पिस्तूल, टेबलावर टेलिफोन, तपकिरीच्या जागी सिगारेट. आजकालचा जमाना दाखवाचा होता म्हणे. मालकाची कुरकुर सुरू झाली, बाप्पा, हा पळते कायले, त्रिंबक कधी पळत नाई. मी म्हटलं चूप बसा. पण थोड्या वेळानं पाह्यलं त मालक अर्धे उठून बसलेले, डोळे चमकून राह्यलते. शाळेतला क्लार्क सदाशिवराव हेर झाला होता. बोलता बोलता असा थांबे का मालक माह्या कानात म्हणाले, कोट सोडला त माणूस तोच हाय.

मंग ते झालं. हेरानं पुतण्याची झडतीच घेतली नाई. त्या पुतण्याले नाटकात नुसतं हसवाचं काम दिलतं. तांड्यातल्या गड्याले दोरी बांधून पुढं आणलं, अन् हार त्याच्या कमरेत सापडला. टाळ्या पडल्या. मालकानं माहा हात असा दाबला का बांगडी टिचली.

सारी शेड वळून आमच्याकडं पाहू लागली. टिनाच्या भोकातून ऊन येत होतं अन् आमच्या काचळ्यायचे, म्हणजे चोळ्यायचे, आरसे चमकत होते. लपावं कुठी? मले असा राग आला का जीव जळून गेला, पण रागापेक्षा भेव जास्त. उद्या याच लोकायच्या बाजारात आमाले जाणं होतं.

तेवढ्यात हेरानं हात वर करून इचारलं, "आहे कुणी याच्या बाजूनं बोलणारं?"

ते नाटकातलं वाक्य, त्याले उत्तर द्याचं नसते. पण आमच्या तांड्याच्या न्यायात हे इचारल्यावर नायक चूप बसला, त गुन्हा कबूल. खेमसिंगबापू उठले. त्यायले बसवाले मालकाचा हात पुढं गेला अन् मधातच थांबला. बापू हळूहळू चालत पुढं गेले, डोक्यावरचं पागोटं काढलं अन् स्टेजच्या कडेले ठेवलं.

"हा माह्या तांड्याचा. मी जामीन. निवाडा होईपर्यंत पागोटं इथंच राहीन."

लोक हसले. कोणी शिटी मारली. दोघं-तिघं बाह्या सावरत उठले. तवा मालक गेले. आपली टोपी त्या पागोट्याजवळ ठेवली, जीवापाड आवडणाऱ्या हेराच्या पुढ्यात. आतून कोणी पुढचं वाक्य सांगत होतं, पण सदाशिवरावाच्या तोंडून शब्द निंगेना. शेवटी पडदा पाडला.

असं ठेवलेलं पागोटं आमच्यात ज्यानं सवाल केला त्यानंच उचलाचं असते. नायक उघड्या डोक्यानं गाडीत बसले. उघडं डोकं आमच्या तांड्यात फक्त मयतीच्या दिवशी दिसे. कोणी मालकाशी बोलेना. मालकानं सारी पुस्तकं पेटीत टाकून कुलूप लावलं, जेवण सोडलं. मले वाटे, हा माणूस आता यातून उठत नाई.

बाजाराच्या दिवशी सदाशिवराव पायी पायी तांड्यावर आला. धोतर नेसलेला, घामानं भिजलेला, दोन्ही हातावर पागोटं अन् त्याच्यावर मालकाची टोपी. सारा तांडा जमला. नायकानं त्याले बस म्हटलं नाई, पाणी इचारलं नाई.

"निवाडा काय?"

"चोर पुतण्या होता, नायकजी. पुस्तकात तसंच आहे. मी वाचलं होतं, तरी बदलू दिलं."

नायकानं मान वाकवली. सदाशिवरावानं पागोटं त्यायच्या डोक्यावर ठेवलं. मंग मी पाण्याचा लोटा आणला.

त्याले परत कोणी हेर केलं नाई. दुसऱ्या साली तेच नाटक झालं, अन् हेराचं काम केलं जिनवाल्या सेठच्या पुतण्यानं. मालकाले म्हटलं, जात नाई का पाहाले?

पेटीचं कुलूप काढता काढता म्हणाले, "कायले जाऊ? माहा हेर घरी येऊन गेला."