कार्ड पुसायच्या आधी

"मॅडम, कार्ड द्या की! शिरूर अनंतपाळचं लगीन संध्याकाळचं हाय, कॅमेऱ्याची पोरं गाडीत बसून राहिलीत," शिवाप्पा वर्षाताईंवर ओरडले. लातुरात त्यांचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. समोरच्या स्क्रीनवर आमची स्क्रिप्ट एरर देऊन अडली होती.

लग्नांची दाट तिथी असली की एकच मेमरी कार्ड सकाळी एका मांडवात, संध्याकाळी दुसऱ्यात. मधल्या वेळात ते हार्ड डिस्कवर उतरवून रिकामं करायचं. हे काम कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या माझ्या पार्टनर वर्षाताईंनी स्क्रिप्टवर टाकलं होतं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने लिहून दिलेली कामं. ती दुसऱ्या प्रोग्रामना हाका मारते: तू कॉपी कर, तू कार्ड पूस. प्रत्येक प्रोग्राम जाताना एक आकडा सांगून जातो. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरं काहीही म्हणजे गडबड. घाईत तो आकडा कोण बघतो? ताई बघतात. शून्य आल्याशिवाय त्यांची स्क्रिप्ट पुढची हाक मारत नाही.

अप्पांनी हार्ड डिस्कवरचा फोल्डर उघडला. "हे बघा, सकाळचं जळकोटचं लगीन आलंय सगळं. पुसा हातानंच!"

त्यांनी पहिला व्हिडिओ लावला. नवरदेव घोड्यावर झकास दिसत होता. मलाही वाटलं, झालं असेल.

"कॉपीचा आकडा शून्य आला नाही, अप्पा. मी पुसणार न्हाई," ताई म्हणाल्या.

"लई हट्टी बाई हाय हो!" अप्पा माझ्याकडे वळले. "गिऱ्हाईक तुटंल माझं."

"आणि अक्षता गेल्या तर? ते लगीन परत लावणार का?"

ताईंनी अक्षतांचा व्हिडिओ उघडला. उघडेचना. पाठवणीचा तर डिस्कवर नव्हताच. डिस्क गच्च भरल्यामुळे कॉपी मधेच तुटली होती. अप्पांनी कपाटातून रिकामी डिस्क काढून दिली.

ती लावून सगळं पुन्हा कॉपी केलं. शून्य आलं, तेव्हाच कार्ड पुसलं गेलं. पोरं शिरूरला उशिरा पोचली, मिरवणूक निम्मी हुकली. अप्पांनी फोनवर भरपूर बोलणी खाल्ली.

पुढं जळकोटहून नवरीचे वडील व्हिडिओ बघायला आले. पाठवणी लागली आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. अप्पांनी त्यांना चहा पाजला, कार्डाचा विषय मात्र काढला नाही.

मला ताईंचा फार अभिमान वाटतो. "झालं का?" असं मशीनला विचारणारे पुष्कळ भेटतात. मशीनने "नाही" म्हटल्यावर, मालक डोक्यावर उभा असताना, ते खरं मानणारं माणूस मी एकच पाहिलंय.