चौथीचं शुद्धिपत्र

माझी ताई चौथीला शिकवते आणि तिच्या वर्गात निबंध नसतो. ती छापलेलं गोष्टीचं पुस्तक उघडते, दोन वाक्यं वाचते आणि विचारते, लेखकाने इथे काय चलाखी केली? मुलं तुटून पडतात. कुणाच्या लक्षात येतं, की आजोबा चिडले असं लेखकाने म्हटलंच नाही, नुसता त्यांनी आपटलेला पेला दाखवला. मग तीच चलाखी प्रत्येकाने आपापल्या घरच्या माणसांवर करून बघायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या आजोबांचे पेले त्या आठवड्यात वह्यांत आपटले.

मी शिंपी. धाकटा भाऊ असल्यामुळे फुकटचा शिंपी. मुलांनी लिहिलेल्या पानांची पुस्तकं शिवणं माझ्याकडे. वर जेवताना मी दुकानातली गंमत सांगायला लागलो, की ताई म्हणते, एवढी लांबण कशाला, गिऱ्हाईक पँटमध्ये अडकलं तिथून सुरू कर. या बाईपुढे मी केव्हाच हात टेकलेत.

तिच्या मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, मात्र टेकले नव्हते. छापलेलं समोर ठेवून लिहायचं याला कॉपी म्हणतात, असं त्यांचं मत. गुरुवारी त्यांनी फळ्यावर सूचना लावली: सोमवारपासून चौथीचा लेखनाचा तास बंद, त्या जागी गणित. ताईने खूप गळ घातली तेव्हा शनिवारी मुलांची पुस्तकं बघायला तेवढ्या तयार झाल्या. त्या रात्री ताईने माझ्या आमटीला नावंसुद्धा ठेवली नाहीत, आणि मला ते बघवेना.

शुक्रवारी तिने मुलांना बजावलं, खरं पुस्तक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत नीट बघा, काही सोडू नका. इथेच घात झाला. मुलांनी काही म्हणजे काही सोडलं नाही.

शनिवारी एकतीस पुस्तकं पिशवीत घालून मीच शाळेत पोचवली आणि वर्गाच्या दाराशी रेंगाळलो. मोठ्या बाईंनी पहिलं उघडलं. आत लिहिलं होतं, सर्व हक्क राखीव, आईच्या लेखी परवानगीशिवाय यातलं काहीही बाबांना सांगू नये. दुसऱ्यावर होतं, तिसरी आवृत्ती. पहिली भिजली, दुसरी कुत्र्याने नेली. एकाने मागच्या बाजूला स्वतःची ओळख दिली होती: लेखक गेली नऊ वर्षं या शहरात राहत असून त्यांना पोहता येत नाही. मला हसू आवरेना, मी रुमाल तोंडात कोंबला. ताई मात्र पांढरीफटक पडली. मोठ्या बाई एकेक पुस्तक बाजूला ठेवत म्हणत होत्या, ही कॉपी, हीपण कॉपी.

मग त्यांच्या हाती एक बारीक पुस्तक आलं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीचं. तिच्या घरी दोन महिन्यांपूर्वी बाळ आलं होतं. शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली होती, ती बाईंनी मोठ्याने वाचली.

"शुद्धिपत्र. पान चारवर 'मला माझा भाऊ आवडत नाही' असे छापले आहे. ते मंगळवारी बरोबर होते. बुधवारी त्याने माझे बोट धरले. आता तिथे 'थोडा आवडतो' असे वाचावे."

बाईंनी चष्मा काढला आणि मुलीला विचारलं, "हे कुठून उतरवलंस?"

मुलीने जरा विचार केला. "शुद्धिपत्र पुस्तकातलं आहे, बाई," ती म्हणाली. "भाऊ माझा आहे."

मोठ्या बाईंनी बाजूला ठेवलेली पुस्तकं पुन्हा पुढ्यात ओढली आणि मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी वाचत बसल्या. न पोहणाऱ्या लेखकाला तर त्यांनी बोलावून घेऊन विचारलं, शिकायचं आहे का. ताई खिडकीशी उभी राहून नाक पुसत होती, आणि सांगायला लाज कसली, दारात मीही तेच करत होतो.

सोमवारी ताईचा डबा पोचवायला गेलो तर फळ्यावर ती सूचना तशीच होती. खाली मोठ्या बाईंच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली होती.

"शुद्धिपत्र. वर 'बंद' असे लिहिले आहे. ते गुरुवारी बरोबर वाटले होते. आता तिथे 'सुरू' असे वाचावे."