तळाला न लागलेला रंग

"बोट इथं बुडालीच न्हाय, साहेब," हसीनाभाभी म्हणाल्या.

माझ्या हातात त्यांच्याच सहीचा क्लेम फॉर्म होता. त्यात इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की बोट धक्क्याला बांधलेली असताना मुसळधार पावसात बुडाली. आणि आम्ही दोघं त्याच धक्क्यावर उभे होतो.

"मग कुठं बुडाली?"

त्यांनी मिटलेल्या छत्रीनं डावीकडं दाखवलं. तिकडं नुसतं गढूळ पाणी होतं आणि पाण्यात कमरेपर्यंत बुडालेली दोन जांभळीची झाडं. "त्या पलीकडल्या झाडापाशी. काठावर हुती. पाणीच वर आलं की."

मी फॉर्मच्या समासात फुली मारली. एकाच माणसाच्या दोन हकिकती निघाल्या की आमच्याकडं फुली पडते.

मी इन्शुरन्स सर्व्हेअर आहे. कंपनीचा नोकर नाही, की क्लेम करणाऱ्याचा वकीलही नाही. नुकसान झालं की कंपनी मला पाठवते. ते कशानं झालं, किती झालं आणि पॉलिसीत बसतं का, एवढं मी लिहून द्यायचं. ऑफिस कोल्हापुरात, काम जिल्हाभर. ट्रक, जेसीबी, पोल्ट्री शेड, गुऱ्हाळं, काजूचे कारखाने हे रोजचं. बोटी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

ही बोट आजऱ्याच्या पुढं, एका धरणाच्या फुगवट्यावर चालायची. फुगवटा म्हणजे धरणाचं मागं तुंबलेलं पाणी. फायबरची, दहा माणसांची, मागं लावायचं इंजिन. पलीकडं दोन वाड्या आहेत. तिथल्या लोकांना रस्त्यानं यायचं तर सगळा फुगवटा वळसा घालून यावं लागतं. हसीनाभाभींचे वडील पूर्वी नदीवर नाव चालवायचे. मुलीनं तोच धंदा उचलला. नवरा आजऱ्यात टेलर. बोटीचं छत आणि सीटांची कव्हरं त्यानंच शिवलेली. पॉलिसी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि ही दुसरी फुली.

पॉलिसीत एक अट होती. पावसाळ्याचे चार महिने बोट पाण्याबाहेर ठेवायची. याला आम्ही ले-अप म्हणतो. अट मोडली तर क्लेम संपला. फॉर्मवरच्या त्या एका वाक्यानं क्लेम आपोआप मरत होता, आणि आता बाई सांगत होत्या की बोट पाण्यात नव्हतीच. कुणीतरी मागाहून अट समजावून सांगितलेली दिसते, असं मी मनात म्हटलं. असं बऱ्याचदा होतं.

बोट गावकऱ्यांनी ट्रॅक्टरनं ओढून वर आणली होती. ती रस्त्याकडेला एका कुशीवर आडवी पडली होती. तळाला हातभर लांब चीर. मी टेप काढला, फोटो घ्यायला लागलो.

"इंजिन कुठाय?"

"घरात. ह्यांच्या शिलाई मशीनशेजारी."

"कधी काढलं?"

"बुडायच्या चार दिस आधी."

"सीटा? लाइफ जॅकेटं?"

"ती बी घरात."

म्हणजे उचलता येण्यासारखं सगळं आधीच घरी, आणि बुडालं ते नुसतं रिकामं खोकं. तिसरी फुली.

मग मी मागच्या बाजूला गेलो. अशा बोटीला तळाशी मागं एक भोक असतं. आत साठलेलं पाणी काढून टाकायला. त्याला बूच असतं. बोट पाण्यात असताना ते घट्ट लावलेलं पाहिजे. इथं बूच नव्हतं. तुटलंही नव्हतं. आटे साबूत होते, म्हणजे कुणीतरी हातानं फिरवून काढलं होतं.

"बूच कुणी काढलं?"

"मी."

"तुम्ही?"

"मीच की. काठावर ठेवलेल्या बोटीचं बूच काढायचंच असतंय. न्हायतर पावसाचं पाणी आत साठतंय आन् वज्जानं बोट फाटती. माझ्या अब्बानं शिकिवलंय."

उत्तर बरोबर होतं, पण मला ते फार तयार वाटलं. तळ तर ताज्या निळ्या रंगानं चमकत होता. जुन्या भेगा झाकायला मालक क्लेमच्या आधी रंग मारतात, हे मी ट्रकच्या बाबतीत शंभरदा पाहिलंय. मी चाकूनं दोन जागी रंग खरवडला. खाली भेग नव्हती. हे मी पाहिलं, पण वहीत लिहिलं नाही. संशय आला की माणूस सोयीचं तेवढंच लिहितो.

हसीनाभाभी शेजारी उभं राहून बघत होत्या. "फोटू काढताय ते काढा," त्या म्हणाल्या, "पर जे काय असंल ते तोंडानं इचारा. तुमच्या मनात काय चाललंय ते दिसतंय तुमच्या तोंडावर."

गाडीकडं जाताना मी चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं न विचारताच सुरुवात केली.

"पावणं, इन्शुरन्सचं व्हय?"

"हो."

"समदं सामान आधीच न्हेलं की बाईनं. टॅक्टर घिऊन आलती. आता मला काय ठावं न्हाय. पर तुम्ही शिकल्याली माणसं, इचार करा की."

मी विचार केला. तिथूनच कंपनीच्या शाखेच्या मॅनेजरना फोन लावला.

"सर, रिपोर्ट मागाहून देतो. पण प्रकरण सरळ दिसत नाही."

"फ्रॉड म्हणायचं का?"

"म्हणायला हरकत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्या धंद्यात तोंडी मताला किंमत नसते असं म्हणतात. खरं म्हणजे तेच सगळ्यात आधी फाइलवर जातं.

दोन दिवसांनी ऑफिसात रिपोर्ट लिहायला बसलो. फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. तळाच्या फोटोंत निळ्या रंगात चार जागा मोकळ्या दिसत होत्या. जागेवर मला ते वेंधळं रंगकाम वाटलं होतं. पण वेंधळेपणा इतका मापात नसतो. दोन जागा पुढं, दोन मागं. चारही ठिकाणी सारखीच कमान आणि कमानीच्या कडेला काळी रेघ. एका फोटोत माझा टेप पसरलेला होता, त्यावरनं माप निघालं. मी खाली उतरून समोरच्या पंक्चरवाल्याकडं गेलो आणि टेप घेऊन त्याची जुनी टायरं मोजायला लागलो.

"साहेब, कुठलं पायजे?" त्यानं विचारलं.

"पाहिजे नाही. बघतोय."

जीपचं टायर बरोबर बसलं.

बोट रंगवायची तर ती जमिनीवर कशावर तरी टेकवावी लागते. टेकलेल्या जागी ब्रश जात नाही. बाकीचा रंग वाळला की टेकू सरकवायचे आणि राहिलेल्या जागा रंगवायच्या. या बोटीच्या चारही जागा तशाच राहिल्या होत्या. म्हणजे रंग अर्धवट होता, आणि अर्धवट रंगवलेली बोट कुणी पाण्यात सोडत नाही. बुडवायचीच असेल तर तळ घासून रंगवण्यात कोण चार दिवस घालवेल?

तरीही मी लगेच पाघळलो नाही. बोट टायरांवर होती हे खरं धरलं, तरी ती नंतर धक्क्याला नेली नसेल कशावरून? फॉर्म तर तसंच सांगत होता. मी फॉर्म भरणाऱ्या एजंटला, पाटोळ्यांना, फोन केला.

"फॉर्म कुणी लिहिला?"

"मीच, साहेब. फॉर्म इंग्रजीत असतो. बाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या पाणी आलं, बोट बुडाली. मी लिहिलं. सही घेतली."

"धक्का कुठून आला?"

"म्हणजे?"

"बोट धक्क्याला बांधली होती, असं त्या म्हणाल्या का?"

"आता बोट म्हटल्यावर धक्क्यालाच असणार की, साहेब!"

मी विचारलं, "ले-अपची अट त्यांना सांगितली होती?"

"पॉलिसीवर छापलेली आहे ती," पाटोळे म्हणाले. म्हणजे सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात पुराच्या भीतीनं धरणातनं पाणी सोडलं आणि फुगवटा माणूसभर खाली गेला. मी परत आजऱ्याला गेलो. हसीनाभाभींना आधी कळवलं नाही. त्यांनी जाऊन काही मांडून ठेवू नये म्हणून. इतका संशय अजून शिल्लक होता.

पलीकडल्या जांभळीपर्यंत आता पायी जाता येत होतं. बुंध्याला नायलॉनचा दोर होता, दोन वेढे आणि पुढं बराच ढिला. चिखलात तीन टायरं जागच्या जागी बसलेली. चौथं खालच्या झुडपात अडकलेलं. तीन टायरांमधली अंतरं मोजली, फोटोतल्या मापांशी जुळली. एक टायर पहारीनं उचकटलं. खाली चिखल नव्हता, दडपून पिवळं पडलेलं गवत होतं. टायर कोरड्या जमिनीवर ठेवलं होतं. त्याच्या वरच्या कडेला निळ्या रंगाचे ओघळ होते. पाच पावलांवर एक खडक, त्याच्या टोकाला निळा घासलेला पट्टा. चीर तिथं पडली होती.

मग हसीनाभाभींना बोलावून घेतलं. त्या चिखलातनं चप्पल हातात धरून आल्या.

"भाभी, दोर इतका ढिला का?"

"पाणी वर-खाली हुतंय. आवळून बांधली तर पाणी चढताना बोट दोरालाच आत वढली जाती. ढील ठेवावी लागती."

"दरवर्षी इथंच ठेवता?"

"न्हाय. वर, त्या माळावर. औंदा तिथं रस्त्याची खडी टाकलीया, बघा की. म्हनलं रंग हुईस्तवर हितं ठेवू, मग खडी हलली की वर वढू. चार दिसांत एवढं पाणी यील असं कुणाला वाटलंतं?"

वर बघितलं. खडीचे ढीग तसेच होते.

"पाणी चढायला लागल्यावर बूच लावायला का आला नाहीत? पाऊस तर दोन दिवस पडत होता."

"कशी येऊ? रस्त्यातल्या मोरीवर पाणी. एसटी बंद. बूच माझ्या पिशवीत आन् मी स्टँडवर."

हे मी आजऱ्याच्या डेपोत विचारलं. ते दोन दिवस त्या रस्त्याची एसटी खरंच बंद होती.

शेवटी मी विचारलं, "पावसाळ्यात बोट कुठं ठेवायची, याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय माहीत आहे?"

"न्हाय. पावसाळ्यात बोट काठावरच ठेवत्यात. त्यात लिवायचं काय?"

ज्या अटीपायी मी या बाईला खोटी ठरवली होती, ती अट तिला माहीतच नव्हती. आणि तरी ती तिनं पाळली होती.

मी जबाब लिहून काढला आणि सहीसाठी पुढं केला. त्यांनी पेन घेतलं नाही.

"वाचून दावा."

"तुम्ही सांगितलंय तेच आहे."

"मागल्या टायमाला बी मी सांगितलंच हुतं की. वाचा."

मी चिखलात उभा राहून दोन पानं मोठ्यानं वाचली. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. मी 'किनाऱ्याला बांधलेली' लिहिलं होतं. "बांधलेली न्हवं," त्या म्हणाल्या, "ठेवलेली. दोर नुसता जपणुकीचा." मी खोडून दुरुस्त केलं. मग त्यांनी सही केली.

शाखेत मॅनेजरनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हीच फ्रॉड म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलो."

"मी वर कळवलंय. आता काय सांगू?"

"सर्व्हेअरनं बोट नीट बघायच्या आधी मत दिलं, असं सांगा."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"देतो."

दिलं. कंपनीनं खात्री करायला दुसरा सर्व्हेअर पाठवला. त्यालाही टायरं दिसली. क्लेम मंजूर झाला. बोट काठाच्या फार खालच्या अंगाला ठेवली म्हणून रकमेतला काही भाग कापला. मला ते अगदीच चूक वाटलं नाही. हसीनाभाभींना वाटलं, आणि त्यांनी फोन करून ते मला मोठ्या आवाजात ऐकवलं. चीर कोकणातल्या एका कारागिरानं येऊन भरली. दसऱ्यानंतर बोट पाण्यात गेली आणि वाड्यांवरची माणसं परत सरळ यायला लागली. पाटोळे अजून फॉर्म भरतात. त्या शाखेचं काम मात्र मला पुढं वर्षभर आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी वस्तू बघायची, मग माणसाला विचारायचं, आणि फॉर्म सगळ्यात शेवटी उघडायचा. फॉर्म आधी वाचला की डोळे त्यातलंच शोधत फिरतात. आणि जागेवरनं फोनवर मत देत नाही. बाकीच्या शाखांचे मॅनेजर अजून फोन करून विचारतात, "निदान अंदाज तरी सांगा."

मी सांगतो, रेंज नाही.