लोरेनच्या मागावरची देशी मंडळी

अमेरिकेत, अल्बुकर्कीत मी दर शनिवारी नावाहो या इथल्या मूळ जमातीचे लोकरी रग विणायला शिकते, हे ऐकलं की पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, "मग, किती विणलंस?" तीन वर्षांत विणून झालाय आसनाएवढा एक तुकडा. किस्से मात्र हॉलभर अंथरता येतील एवढे जमलेत!

आमची टीचर लोरेन स्वतः नावाहो, टू ग्रे हिल्सकडची. तिकडचे रग मेंढीच्या मूळ रंगांचे. करडा, काळा, तपकिरी, पांढरा. बस्स. क्लासला येणाऱ्या शोभाकाकूंना ते बघवेना.

"अगं लोरेन, शुभकार्यात चालेल असं काहीतरी कर. थोडा लाल टाक ना!"

लोरेन मान वर न करता म्हणाली, "लाल गनाडोकडच्या रगात मिळतो. तीन तास ड्राइव्ह आहे."

माझा तुकडा चौकोनी व्हायचा होता. पण मी धागा इतका ओढायचे, की त्याला मधोमध चक्क कंबर आली. लोरेननं तो उलटसुलट करून पाहिला.

"प्रत्येक भागाची स्टाइल मी ओळखते. ही कुठली?"

"पुण्याची!" मी ठोकून दिलं.

"म्हणजे तिकडे सगळं मध्येच अरुंद होतं?"

आमच्या गल्लीतला रस्ता डोळ्यांसमोर आला. खोटं कसं बोलू? "हो," म्हटलं.

प्रसाद सांगलीचा, इथे केमिस्ट्रीत पीएचडी करतोय. वाइड रुइन्सकडचे रग झाडपाल्याच्या रंगांचे असतात, हे कळल्यावर गडी पेटलाच. कांद्याच्या सालांचा सुंदर पिवळा होतो म्हणे! मग मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात हा पिशवी घेऊन प्रत्येकापुढे. "मावशी, कांद्याची सालं असतील तर द्या ना."

मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "स्टायपेंड पुरत नाही का रे बाळा?"

त्या दिवसापासून दर रविवारी त्याच्याकडे भरलेला डबा. पोळ्या, उसळ, वर शिरा! मी विचारलं, "अरे, खरं सांगितलंस का त्यांना?"

"सांगणार आहे यार," प्रसाद म्हणाला. "थीसिस झाला की!"

चारी बाजूंनी बॉर्डर असलेल्या रगमध्ये काही विणकर आतून कडेपर्यंत एक बारीक रेघ नेतात. माझा नवरा सॉफ्टवेअर टेस्टर. त्यानं ती लगेच पकडली. "हा बग आहे!"

लोरेननं समजावलं, "विणताना मन आत गुंततं. त्याला बाहेर पडायला ही वाट."

सोमवारी नवऱ्याचा तीन तासांचा स्टेटस कॉल चालू होता. मी चहा न्यायला गेले, तर म्यूट करून हळूच म्हणतो, "यात ती रेघ कुठे असते गं?"

मग आई आली, सहा महिन्यांसाठी. घरात कंटाळली, म्हणून तिला क्लासला नेलं. त्या दिवशी लोरेनची आईही आली होती. ऐंशीच्या पुढची, फक्त नावाहो बोलणारी. माझी आई फक्त मराठी. दोघी एका मागापाशी बसल्या. ही हात गोल गोल फिरवत लोकर गुंडाळतेय, ती विणतेय, आणि दोघींच्या अखंड गप्पा! मधूनच माना हलवतात, उसासे टाकतात, एकदा तर दोघींनी वळून आमच्याकडे पाहिलं.

गाडीत मी आईला विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही गं. बिचारीची मुलगी जगाला शिकवते, पण आईला फोन करायला वेळ नाही तिला."

मी हसत हसत घरी पोचले, तर लोरेनचा फोन.

"माझी आई विचारतेय, तू तुझ्या आईला या वयात गाडी पुसायला का लावतेस?"