आक्कांचं दुखणं

कडुलिंबाच्या पाल्यात उकळलेल्या पांढऱ्या पट्ट्या परसातल्या दोरीवर वाळत असायच्या, आणि वारा सुटला की त्यांचा कडवट, ओलसर वास थेट चुलीपर्यंत येई… आईचं जुनं लुगडं फाडून केलेल्या त्या पट्ट्या माझ्या आत्याच्या गालावरच्या जखमेसाठी होत्या. निजामाच्या राज्यातलं आमचं वालूर, माझं वय नऊ, आणि कॅन्सर हा शब्द घरात कुणालाच ठाऊक नव्हता. आम्ही नुसतं ‘दुखणं’ म्हणायचो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. गालात सदैव तंबाखू, आणि जिभेवर त्याहून जहाल काहीतरी. दर दिवाळीला माहेरी आली की ती आईच्या भाकरीला, रंगाला, ओळीनं झालेल्या आम्हां तीन मुलींना नावं ठेवायची. एकदा भरल्या पंगतीत आईनं वाढलेलं ताट तिनं पायानं सरकवलं होतं… मी तिचा मनापासून द्वेष करीत असे. म्हणून गाल आतून सडून बाहेर फुटला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीतून आमच्या दारात आणून सोडलं, तेव्हा मला बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

वडील तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं. “इसका इलाज नहीं,” ते म्हणाले. “जख्म साफ रखना, दर्द के वास्ते अफीम देना, और अकेला मत छोड़ना.”

ते सगळं आईच्या वाट्याला आलं. रोज सकाळी ती कोमट पाण्यानं जखम धुई, पट्टी बदली, मोहरीएवढी अफू दुधात कालवून देई, मग ज्वारीची पातळ पेज चमच्याचमच्यानं तोंडात सोडी. त्या खोलीतला गोडूस, कुजका दर्प अजूनही कधी नाकात दाटतो… आत्या अर्धी पेज आईच्या अंगावर थुंके आणि फाटक्या तोंडानं पुटपुटे, “मुद्दाम दुखवायलीस तू, गोदे.” आई बाहेर येऊन भांडी अशी आपटी, की आम्ही बहिणी परसात पळायचो.

बायका नाकाला पदर लावून दारातूनच बघायच्या. “केलेलं फेडायलीय,” म्हणायच्या. आमच्या घरचं पाणी प्यायचंही लोकांनी सोडलं. शेवटी एका संध्याकाळी वडील आईला म्हणाले, “आक्काला मळ्यातल्या खोपटात ठिवू. गडी भाकर नेऊन देईल. पोरी हायत घरात.”

सख्खा भाऊ बोलत होता. मला वाटलं, आई सुटकेचा निःश्वास टाकील. ती चुलीपुढून उठली.

“माझं तिचं वाकडं हाय, ते मरंस्तोवर राहील,” ती म्हणाली. “पन मळ्यात टाकायला ती काय मेलेलं ढोर हाय? तिला न्यायचं तर मला बी न्या.”

चूल आणि आत्याची खोली यांच्या मधे फक्त कुडाची भिंत होती. आत्यानं ते सारं ऐकलं असणारच. दुसऱ्या दिवशी आई पाणी घेऊन गेली, तर आत्यानं आपणहून पट्टी सोडली आणि गाल तिच्याकडे वळवला. पेज पाजून झाल्यावर मात्र म्हणाली, “खारट केलीस.”

असे पुढे चार महिने गेले — शिव्या, पेज, पट्ट्या. उन्हाळ्याच्या एका दुपारी, आई वारा घालत असताना, आत्या गेली. दारातून डोकावणाऱ्या त्याच बायकांनी अंगणात बसून मोठ्यानं गळा काढला. आईनं तिला एकटीनं न्हाऊ घातलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

आई थकल्यावर, आमच्यातली कितीतरी वर्षांची भीड मोडून, मी तिला एकदा विचारलं, “माफ केलं होतंस का गं आत्याला?”

ती अंबाडीची भाजी निवडत होती. “न्हाई,” ती म्हणाली.

एक जुडी निवडून झाल्यावर, भाजीवरची नजर न काढता, ती पुन्हा बोलली…

“पन तिला लय दुखायलं होतं.”