नवऱ्याला ‘ही’ म्हणायचं

कौशल्या मोहाडीच्या कोष्ट्याची पोर. बाप ताराचंद दिवसभर मागावर बसायचा आणि शाळा सुटली की कौशल्या त्याच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. पोरगी हुशार निघाली. त्यांच्या गल्लीत मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. त्र्याहत्तर साली तिचं लग्न झालं. नवरा चंद्रभान जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर होता. ती कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आली आणि मोहाडीत जिचं कौतुक होत होतं ती मॅट्रिक इथं कुणी विचारतही नाही, हे तिला आठवडाभरात कळलं. एका बाजूला केरळचं कुटुंब, समोर बंगाली. बायका हिंदीत बोलायच्या, पण मध्येच इंग्रजीवर घसरायच्या. कौशल्या हसून मान डोलवायची. मग घरी येऊन ऐकलेलं वाक्य तांदूळ निवडता निवडता पुटपुटायची.

अठ्ठ्याहत्तर साली वसाहतीबाहेर एका बाईंनी इंग्रजी बालवाडी काढली. मदतीला शिक्षिका हवी होती. ही बातमी चंद्रभाननंच आणली.

“जाऊन पाह्य ना,” तो म्हणाला. “तुले येते थोडंफार इंग्रजी.”

“थोडंफारच येते जी. तेवढ्यानं का होते?”

“लहान पोरायले शिकवाचं आहे. होते तेवढ्यात.”

बापानं विणलेलं लुगडं नेसून कौशल्या मुलाखतीला गेली. टेबलामागे मोठ्या बाई आणि दोन गृहस्थ होते. नाव, गाव, शिक्षण, सगळं तिनं नीट सांगितलं. बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहायला लावले, तेही बरोबर आले. मग एका गृहस्थानं सहज विचारलं की नवरा काय करतो.

कौशल्यानं मनात वाक्य जुळवलं. नवऱ्याला ‘तो’ तिनं स्वप्नातही म्हटलं नव्हतं. तो घरात ‘हे’ होता, बाहेर ‘ते’ होता. ‘ते’ला इंग्रजीत ‘दे’ म्हणतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“दे वर्क इन फॅक्टरी,” ती म्हणाली. “दे आर फिटर.”

मोठ्या बाई पुढं वाकल्या. “दे? हाऊ मेनी हजबंड्स हॅव यू गॉट?”

प्रश्न तिला कळला, थट्टा कळली नाही. परीक्षेत विचारल्यासारखं तिनं ताठ बसून उत्तर दिलं, “वन.”

एक गृहस्थ खदखदून हसले. दुसऱ्यानं तोंडाला रुमाल लावला. “ओन्ली वन?” बाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या. कौशल्याही थोडी हसली, सगळे हसताहेत म्हणून. दारापर्यंत पोचल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कानाच्या पाळ्या चटका बसल्यासारख्या तापल्या. ती कशी घरी पोचली, वाटेत कोण भेटलं, तिला काही आठवत नव्हतं.

“काय झालं?” चंद्रभाननं विचारलं.

“नाई जमलं जी,” एवढंच ती बोलली आणि तिनं लुगडं घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलं.

पण वसाहत ती केवढी! गोष्ट तिच्या मागोमाग फिरू लागली. ती नळावर आली की बायकांचं बोलणं तुटायचं. शेवटी शेजारच्या ललिताबाईंनी तोंड उघडलं. त्या करडी गावच्या, मनात काही ठेवायची सवय नसलेल्या.

“नको मनाले लावून घेऊ, बाई. माणसं मेली अशीच. आमचे सांगत होते, कॅन्टीनमध्ये कोनी तरी चंद्रभानभाऊले इचारलं म्हने, तू कितव्या नंबरचा नवरा?”

कौशल्याची घागर भरत होती. “मंग? ह्यायनं काय म्हटलं?”

ललिताबाई गडबडल्या. “काय म्हनतीन? हसले.”

“काय म्हटलं, सांगा ना.”

“तीन नंबरचा, म्हने.”

कौशल्यानं अर्धी घागर उचलली आणि ती चालू लागली. इतके दिवस तिला आपल्या चुकीची लाज वाटत होती. त्या दिवशी चुलीपुढं बसल्यावर आपण भात कोणासाठी रांधतो, याची लाज वाटायला लागली.

वसाहतीच्या वाचनालयातून तिनं व्याकरणाचं पुस्तक आणलं. त्यात सरळ लिहिलं होतं, ‘दे’ म्हणजे पुष्कळ जण. माणूस एकटा असला की ‘ही’. मग तो राजा असो की चोर, इंग्रजीला आदर असा वेगळा ठाऊकच नाही. तिला ते विचित्र वाटलं. मराठीत पुरुष बायकोला ‘आमची ही’ म्हणतात आणि इंग्रजीत तीच ‘ही’ नवऱ्याला लावायची! तिनं सराव सुरू केला. दूधवाला ‘ही’. भाऊ ‘ही’. बापावर गाडी अडली. डोळ्यांपुढं मागावर वाकलेली त्याची पाठ यायची आणि जीभ वळायची नाही. तेही शेवटी जमवलं. नवऱ्याचं वाक्य मात्र ती पुढच्या दिवसावर ढकलत राहिली.

एका रविवारी दुपारी चंद्रभान जेवत होता. मूड बरा होता. “पुन्हा कुठं जागा निघाली तं सांगू काय तुले?” त्यानं विचारलं.

कौशल्या वरणाचा चमचा हातात धरून उभी राहिली. मग एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली, “ही इज माय हजबंड. दे लाफ्ड.” ती थांबली. “ही ऑल्सो लाफ्ड.”

एवढं इंग्रजी चंद्रभानला येत होतं. त्याचा हात ताटातच राहिला.

“कोनं सांगतलं तुले?”

“चुकलं काय त्यात?”

तो भात नुसता चिवडू लागला. “सारे हसून राहिले होते,” तो म्हणाला. “मले लाज वाटली वो तुझी. म्हणून हसलो.”

“मलेबी वाटून राहिली,” कौशल्या म्हणाली. “तुमची.”

तो हात धुऊन मागच्या अंगणात जाऊन बसला. ती भांडी घासायला लागली. वाक्य बरोबर आलं होतं, कुठं अडखळली नव्हती, तरी तिला बरं वाटेना. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा ‘ही’ म्हटलं, आणि म्हटलं ते त्याच्यावर बोट रोखून.

चंद्रभान कुणाशी भांडला नाही. तसा माणूसच नव्हता तो. मात्र त्यानं कॅन्टीनमध्ये बसणं सोडलं, डबा मशीनपाशीच खाऊ लागला. माफीबिफी काही नाही. संध्याकाळी तो विचारायचा, “आज काय शिकली?” कौशल्या कितीतरी दिवस उत्तर देत नसे. पावसाळा गेला, धान कापणीला आलं, तेव्हा कुठं एका संध्याकाळी तिनं पुस्तकाचं पान त्याच्यापुढं सरकवलं.

त्र्याऐंशीत भंडाऱ्याच्या एका इंग्रजी बालवाडीत जागा निघाली. तिथंही नवऱ्याचं विचारलंच. कौशल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “ही इज अ फिटर,” ती म्हणाली, आणि ‘ही’ म्हणताना तिचा हात आपसूक वर गेला, डोक्यावरचा पदर पुढं ओढायला. कुणाचं लक्ष नव्हतं. पुढचा प्रश्न आलासुद्धा होता.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून चंद्रभान बालवाडीच्या फाटकाबाहेर उभा होता.

“काय इचारलं?”

“तुमचंच इचारलं.”

त्यानं मान खाली घातली. चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. “मंग?”

“सांगतलं. घेतलं त्यायनं मले, सोमवारपासून या म्हने.”

“बरं झालं,” तो म्हणाला. तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली आणि दोघं बस स्टँडकडे निघाली. तो दोन पावलं मागेच चालत होता.