बरणीतली अंडी

आज कुडाळच्या खोलीवर सुरमईच्या अंड्यांची गाभोळी तळताना वास घरभर पसरला आणि मालवणच्या घरातली एक दुपार आठवली.

आमच्या फिशटँकमध्ये एंजल माशांच्या जोडीने एका रुंद पानावर अंडी घातली होती. बाकीचे मासे ती खाऊन टाकतील म्हणून मी ते पान कापून काचेच्या बरणीत ठेवलं आणि हवेच्या पंपाची नळी आत सोडली. आई डोकावून म्हणाली, "इवलीशी गाभोळी! हेका तेल तरी किती लागतला गो?" मी रागाने बरणी तिच्यापासून दूर सरकवली. इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून मी तिच्याशी मालवणी सोडून पुस्तकातलं मराठी बोलायचे, तेही मोजकंच.

तेवढ्यात लाईट गेली आणि बुडबुडे थांबले. पाणी हललं नाही तर अंड्यांवर बुरशी चढते. काही आधीच पांढरी पडली होती. मला रडू आलं.

"रडतस कित्या? हाड ती नळी हय," आई नळीसाठी हात पुढे करत म्हणाली. "चूल फुकूनच जन्म गेलो माजो."

नळी तोंडात धरून ती फुंकत राहिली. गाल फुगत होते, कपाळावरून घाम ओघळत होता. मी बरणीला नाक लावून बसले होते. अचानक एका अंड्यातून केसाएवढी शेपटी वळवळली.

"आये, जितो आसा! बघ गो!" मी ओरडले.

आईला हसू फुटलं, बरणीत बुडबुडे उसळले. नळी काढून तिने विचारलं, "काय म्हटलंस? परत सांग बघूया."

मी परत सांगितलं. तेव्हा मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नव्हतं.